जेवणाच्या टेबलावरचं मरण

पिकलेल्या पपईकडे बघून ज्याला मरण आठवतं असा अख्ख्या सिंगापुरात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा मित्र आहे. टॅम्पिनीसला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत सेफ्टी इंजिनियर आहे. म्हणजे आठवडाभर कोणी मरू नये म्हणून धडपडायचं आणि रविवारी मरणाची चित्रं काढत बसायचं! कंपनीने एकदा ट्रेनिंगला हॉलंडला धाडलं, तिथल्या म्युझियममध्ये त्याने फळाफुलांची जुनी चित्रं पाहिली आणि गडी कामातून गेला. अर्धवट सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला देखणं नि चवीला आंबट असं आयुष्य, गळालेली पाकळी म्हणजे सरलेलं तारुण्य, आणि विझलेली मेणबत्ती म्हणजे... जाऊ दे, कळलंच असेल तुम्हाला. ही सगळी मांडामांड जेवणाच्या टेबलावर. त्या जुन्या चित्रांत असते ती कवटी तेवढी वहिनींनी घरात येऊ दिली नाही, म्हणून पठ्ठ्याने तिच्या जागी आपलं पिवळं हेल्मेट ठेवलं. इथल्या दमट हवेत चित्र पुरं व्हायच्या आत पपई सडायची, चिलटं जमायची, पण टाकायची सोय नाही. "राहू दे, आत्ता कुठे तिला अर्थ यायला लागलाय," म्हणायचा. बिचाऱ्या वहिनी सोफ्यावर ताट घेऊन जेवायच्या. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तर त्याने विझल्या मेणबत्त्यांच्या धुराचा अर्थ सात-सात वर्षांच्या पोरांना समजावून सांगितला. लेकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पक्क्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, जस्ट ईट द केक लाह."

गेल्या वर्षी वहिनींच्या छातीत गाठ सापडली. रिपोर्ट यायला आठवडा होता. धीर द्यायला म्हणून वर गेलो, तर टेबल रिकामं, पुसून लख्ख. हा रोज सकाळी ताजी फळं आणत होता आणि सफरचंदावर एवढासा डाग दिसला तरी फेकून देत होता. वहिनी आत झोपल्या होत्या. तो म्हणाला, "घरात कोणी आजारी नसतं ना, तेव्हाच हे असलं सगळं सुचतं रे." इतकं वाईट वाटलं मला त्याच्याबद्दल त्या दिवशी! मग आम्ही दोघांनी बसून वहिनींसाठी संत्री सोलली.

रिपोर्ट वाईटच आला. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, डॉक्टर आशा आहे म्हणतात. परवा गेलो तेव्हा तो पुन्हा चित्र काढत होता. समोर खुर्चीत वहिनी, डोक्याला रुमाल, हातात कप. कागदावरही तेच. सवयीने मी विचारून बसलो, याचा अर्थ काय रे?

त्याने मान वर केली नाही. "अर्थ कसला? चहा पितेय ती."