बाजीरावाची उघाडी

आमच्या बोनकोड्यात बाजीराव नावाचा एकच माणूस, आणि त्याची स्वारी कधी खाडीच्या बांधापलीकडे मुक्कामाला गेली नाही. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे ही माहिती पक्की. बाकीची मी थोडी तिखट-मीठ लावून सांगते.

आमची भातशेती बांधाच्या जिवावर. बाहेर खाडीचं खारं पाणी, आत भात. बांधाला एकच दार, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की लाकडी फळी खाली टाकायची, ओहोटी लागली की वर उचलून शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. हे काम पिढ्यान् पिढ्या बाजीरावाच्या घराकडे. बदल्यात सुगीला प्रत्येक घरातून भात, आणि शिमगा झाला की बांधाला माती टाकायला घरटी एक माणूस. भरती काही घड्याळ बघून येत नाही, त्यामुळे बाजीरावाचं जेवण, झोप, दाढी सगळं खाडीच्या मर्जीनं. त्याच्या लग्नाचा दिवससुद्धा लग्न लावणाऱ्या धवलारणीनं नाही, खाडीनं ठरवला: अष्टमी, कारण तेव्हा भरती लहान. तरी अक्षता पडल्या न पडल्या तोच नवरा मुंडावळ्यांसकट बांधावर! त्याची बायको गोजरा अजून म्हणते, "मना वाटला, पलाला का काय!"

मग सत्तरच्या सुमारास नवं शहर यायचं ठरलं आणि आमच्या जमिनी सरकारच्या झाल्या. कागदावर. ताबा घ्यायला वर्षानुवर्षं कोणी फिरकेना. बेलापूर रोडला दलाल गुंठ्याचे असे भाव बोलायचे की ऐकूनच घाम फुटावा, पण आमची जमीन आम्हाला विकता येईना, तिच्यावर सोसायटी कर्ज देईना. ज्यांनी मोबदला उचलला त्यांनी घरावर स्लॅब टाकला. आमच्या ह्यांनी राजदूत मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात उकिरड्यात घातली.

बाजीरावानं मोबदल्याला हात लावला नाही. त्याचा तुकडा सगळ्यात खोलगट, उघाडीला लागून. मोबदला वाटल्यावरच्या पहिल्या शिमग्यानंतर बांधावर दोघंच: तो आणि टोपली घेतलेली गोजरा. पुतण्या पोपट रस्त्यावरूनच ओरडला, "काका, सरकारच्या जमिनीला आपन कशाला माती टाकाची?"

"खारा पानी एकदा आत गेला का दोन-तीन वर्सं भात नाय," बाजीराव म्हणाला. "मंग साहेब येल नि बोलल, ही तं खाऱ्या चिखलाची खाजन हाय. भात हाय तवर शेत हाय."

मी म्हटलं, "बाजीरावदादा, सगळ्या गावाची जमीन एकटे राखताय, सरकार पगार देतं का?"

"फुकटचा गडी कोनाला नको, वयनी?"

अशी बरीच वर्षं गेली. मग नव्या शहराचा भराव टाकायला डंपर आले. त्यातला एक पोपटचाच. वरच्या अंगाच्या शेतांत माणूसभर मुरूम पडला. त्या भाद्रपदात भात दाण्यावर आलेलं, अवस मोठ्या उधाणाची, आणि पाऊस कोसळत होता. पूर्वी सगळ्या शेतांत पसरणारं पाणी आता घसरत एकट्या बाजीरावाच्या तुकड्यात आलं. बाहेर खाडी बांधाच्या काठाला, आत भाताच्या गळ्याशी पाणी.

पोपट छत्री घेऊन धावत आला. "काका, उघड ना उघाडी!"

"नि खाडी आत घेऊ?"

"मंग बंद ठेव."

"बंदच हाय. बघ ना, भात बुरला."

"मंग करू तरी काय?"

"तुझा मुरूम उचल."

"तो माझा थोराच हाय? साहेबाचा हाय."

"जमीन साहेबाची, मुरूम साहेबाचा," बाजीराव फळीवर हात ठेवून म्हणाला. "माझा काय तो भात."

ओहोटी लागली की फळी उचलायचा. पाणी जरा खाली जातंय तोच भरती परत. शेवटी पाणी उतरलं तेव्हा लोंब्या कुजून काळ्या पडल्या होत्या. बाजीरावानं खाचेतून फळी उपसली, डोक्यावर घेतली आणि घरी आणली. पुढच्या उधाणाला खाडी शेतात अशी शिरली, जशी माहेरी आली!

गोजरा रडली, आणि मग पिशवी भरायला लागली. मुलगी काशी उरणला दिलेली, तिच्या घरी ही दोघं कधी राहिली नव्हती. "आता कंची भरती नि कंची ओटी! पाऊस जरा उघरला का जाऊ," ती म्हणाली.

पण मुरूम आता गावापेक्षा उंच झाला होता. भरतीनं नाल्याचं तोंड दाबलं की पावसाचं पाणी आमच्या आळीत. निघायच्या दिवशी सकाळी गोजरा पिशवी घेऊन दारात आली तर उंबऱ्याला पाणी. बाजीरावानं पिशवी माळ्यावर ठेवली, ती फळी दारात आडवी बसवली आणि कडेला चिखल ठोकला.

अजून तेच चाललंय. पाऊस लागला की फळी खाली, नाला वाहता झाला की वर. घर सोडून जाणार कोण? पोपटसुद्धा गुडघाभर पाण्यातून विचारतो, "काका, भरती कवा उतरल?" आणि बाजीराव बोटांवर तिथी मोजतो.

परवा मीही खिडकीतून ओरडले, "दादा, आमच्याकडे फळी नाही हो!"

"राजदूत लावा आरवी!"

लावली. मोटारसायकलनं पाणी अडत नाही. आणि पलीकडून गोजरा विचारत होती, "उरनची यष्टी गेली असंल ना?"

"गेली," बाजीराव म्हणाला. "फळीला जरा चिखल दे."