समई कोणी लावली, याचा खुलासा

गणेशचतुर्थीच्या आधीचा दुसरा रविवार : माझ्या गॅरेजमध्ये समईची चाचणी झाली, ती यशस्वी झाली, साक्षीदार माझी पत्नी. चतुर्थीनंतरचा पहिला शनिवार : शाळेच्या सभागृहात दोनशे माणसांसमोर समई लागली, परंतु मी तयार केलेल्या यंत्राने नव्हे. ऑक्टोबरचा तिसरा रविवार : एका आजारी माणसाच्या खोलीत माझी घंटा त्याच्या नावाने खोटं बोलली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा सोमवार : माझ्या तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून फोनवर एक पिवळा अंगठा आला.

जबाबदार व्यक्ती येणेप्रमाणे. आमच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. त्याच मंडळाचे सांस्कृतिक सचिव. 'विचारांनी वस्तू चालवा' असं खोक्यावर छापणारी हेडसेटची कंपनी, जिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिच्याशी माझा पत्रव्यवहार स्वतंत्रपणे चालू आहे. आणि मी. माझा उल्लेख शेवटी केला, तो माझी जबाबदारी कमी आहे म्हणून नव्हे.

आमचं मंडळ म्हणजे कॅरी या अमेरिकन शहराच्या एका कोपऱ्यातल्या साठेक मराठी घरांनी चालवलेला घरगुती कारभार आहे; शहरातल्या इतर कोणत्याही संस्थेशी त्याचा संबंध नाही. दरवर्षी आम्ही एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतो आणि दरवर्षी त्या शाळेचा कर्मचारी आम्हाला बजावतो, की आत उघडी ज्योत चालणार नाही. त्यामुळे आमचं दीपप्रज्वलन गेली कित्येक वर्षं बॅटरीच्या मेणबत्त्यांवर चालत आलं आहे. प्रमुख पाहुणे वाकून त्यांच्या बुडाशी असलेलं बटण शोधत राहतात आणि सनई वाजत राहते.

ऑगस्टमध्ये अध्यक्ष माझ्याकडे आले. ते माझ्यापासून चार घरांवर राहतात.

"काका, यंदा काहीतरी हटके करायचंय. तुमच्या गॅरेजमध्ये ते डोक्याला लावायचं यंत्र आहे ना, पंखा फिरवणारं?"

ते होतं. पस्तीस वर्षं मी विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या केल्या, अहवाल लिहिले आणि प्रत्येक अहवालाखाली सही केली. निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून छोटे सर्किट बोर्ड, रिले, दिवे यांच्यात मी वेळ घालवतो. ते हेडसेट त्याच ओघात आलं. कपाळावर एक धातूचा ठिपका टेकतो, कानाच्या पाळीला एक चिमटा लागतो, आणि फोनवरचं ॲप तुमची 'एकाग्रता' शून्य ते शंभर अशा आकड्यात दाखवतं. तो आकडा माझ्या बोर्डाकडे जातो आणि आकडा ठरावीक रेषेवर तीन सेकंद राहिला की बोर्ड रिले ओढतो, म्हणजे दिव्यांचा स्विच चालू करतो. विचाराने वस्तू चालते ती एवढीच.

समई पत्नीच्या माहेरची, पितळी. तिच्या पाच वातींच्या जागी मी पाच पिवळे दिवे बसवले, आणि ते एकामागून एक उजळतील असा प्रोग्रॅम लिहिला, कारण खरी समईही एकदम लागत नाही. रविवारी पत्नीला खुर्चीवर बसवून हेडसेट चढवलं.

"कशावर लक्ष देऊ?"

"कशावरही."

"मग गॅस बंद केलाय की नाही ते आठवते."

समई लागली. ती खूश झाली. मग तिने माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया चढवल्या, तर समई पुन्हा लागली, आणि आधीपेक्षा लवकर लागली.

"अहो, हे तर भुवयांवर चालतंय. तुमच्यासमोर मला हे रोज लावता येईल."

हे मला माहीत होतं. कपाळावरचा ठिपका मेंदूचं जेवढं टिपतो त्याहून कितीतरी जास्त कपाळाच्या स्नायूंचं टिपतो. दात आवळले, डोळे मिचकावले तरी आकडा उडतो. कंपनी तो आकडा कसा काढते हे कंपनी सांगत नाही. म्हणून मी अर्ध्या पानाचं एक निवेदन लिहिलं : हा हौशी प्रयोग आहे, यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, याला वैद्यकीय उपयोग समजू नये. दीपप्रज्वलनाआधी ते वाचलं जावं अशी लेखी अट घातली. सांस्कृतिक सचिवांनी 'शुअर काका' असं कळवलं. तो संदेश माझ्याकडे जपलेला आहे.

ते निवेदन वाचलं गेलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्याऐवजी 'आता पाहू या मनाची अगाध शक्ती' असं म्हटलं. हे वाक्य त्यांना सचिवांनी लिहून दिलं होतं, हे नंतर त्यांनीच मला सांगितलं.

प्रमुख पाहुण्या एक निवृत्त डॉक्टर होत्या, हिरव्या शालूत, कानात मोत्यांच्या कुड्या. कानाच्या पाळीवर कुडी असेल तर चिमट्याला त्वचा मिळत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गॅरेजमध्ये माझी पत्नी बिनकुडीची बसली होती. चूक माझी. हेडसेटच्या कडेचा दिवा हिरवा होईना. तो लाल लुकलुकत राहिला, म्हणजे यंत्राला माणूस लागलेलाच नाही. मी विंगेतून पुढे यायला निघालो, की त्यांना कुडी काढायला सांगावं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले होते. सनई सुरू झाली. आणि समईचे पाचही दिवे एकदम लागले.

एकामागून एक नव्हे. एकदम.

टाळ्या वाजल्या. मला पुढे ओढलं गेलं, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि समोर फोन उंचावले गेले. मी बोलू शकलो असतो. माईक हातभर अंतरावर होता. मी नमस्कार केला.

बटाटेवड्यांच्या रांगेजवळ मी सचिवांना गाठलं. हे गृहस्थ सॉफ्टवेअरमध्ये आहेत, वय चाळिशीच्या आत.

"माझ्या बोर्डाच्या तारा कोणी काढल्या?"

"काका, यार, रागावू नका. बॅकअप होता फक्त. समई रिमोटच्या सॉकेटला जोडली. डेमोमध्ये सगळे करतात."

"म्हणजे बटण तू दाबलंस."

"कोणी तरी दाबायलाच हवं होतं ना! तुमचं यंत्र लाल दिवा दाखवत बसलं होतं. तुमचीच इज्जत वाचवली."

अध्यक्ष प्लेट घेऊन आले. "काका, चिल. कोणाचं काय नुकसान झालं? पोरांनी फोन खाली ठेवून स्टेजकडे बघितलं, ते का कमी आहे? पुढच्या वर्षी ड्रोन आणू."

कोणाचं नुकसान झालं, हे त्याच रांगेत दहा पावलांवर उभं होतं. त्या वेळी ते आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं.

हातातला वडा न खाता एक बाई माझ्यापाशी आल्या. तोंडओळख होती, वयाने माझ्या मुलीएवढी, म्हणून मी तिला 'तू' म्हणतो. तिच्या नवऱ्याला मागच्या हिवाळ्यात मेंदूच्या तळाशी पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं गेलं, हातपाय गेले. ऐकू सगळं येतं, समजतं सगळं. डोळे वरखाली हलतात : वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. परंतु विचारणारं माणूस समोर असेल तरच. ती स्वयंपाकघरात असली, वरच्या मजल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली, की त्याला तिला बोलावण्याचा काहीही मार्ग नव्हता.

"काका, समईच्या जागी घंटा लावता येईल? फक्त घंटा. मला बाकी काही नको."

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू या." त्या दोन शब्दांचा जाब मला कोणी विचारलेला नाही, मीच विचारतो आहे. मनात आलं होतं, की बटण त्यांनी दाबलं हे खरं, पण माझं यंत्र खोटं नाही, कदाचित चालेल. निवेदनात मी स्वतः लिहिलं होतं, की याला वैद्यकीय उपयोग समजू नये.

तीन रविवार मी त्यांच्या घरी गेलो. पहिल्या दोन रविवारी आकडा हललाच नाही. त्याचं कपाळ हलत नव्हतं. ज्या भुवयांवर माझी समई गॅरेजमध्ये लागली होती, त्याच नेमक्या त्याच्याकडे नव्हत्या. मग मी रेषा खाली आणली. चाचण्यांच्या नोकरीत हाताखालच्या माणसाने असं केलं असतं, तर मी त्याचा अहवाल फाडला असता.

तिसऱ्या रविवारी घंटा वाजली.

ती स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला कणीक तशीच. "बोलावलंस? अरे, बोलावलंस ना?"

त्याचे डोळे खाली गेले. नाही.

"चुकून वाजली असेल," मी म्हणालो. ती परत गेली. घंटा पुन्हा वाजली. ती पुन्हा आली, तेवढ्याच धावत. डोळे पुन्हा खाली. चौथ्या वेळी ती धावली नाही, चालत आली, आणि त्याने तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि डोळे खाली नेले, आणि तिथेच ठेवले. त्या वेळी त्याला आपल्या बायकोला बोलवायचं नव्हतं. माझं यंत्र त्याच्या वतीने तिला बोलवत होतं, आणि ते थांबवायला त्याच्याकडे डोळ्यांखेरीज काही नव्हतं. मी तारा ओढून काढल्या.

मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मी तिला सगळं सांगितलं. कुडी, लाल दिवा, रिमोट.

ती बराच वेळ हात धूत राहिली.

"तुम्ही स्टेजवर होतात काका. तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि शाल घेतलीत?"

"हो."

"डोळ्यांच्या नजरेवर चालणारं मशीन मिळतं हॉस्पिटलमधून. त्याच्या तपासणीची अपॉइंटमेंट आली होती, पाच महिने वाट बघून. गणपतीच्या नंतरच्या आठवड्यात. मी कॅन्सल केली. त्याला कुठे हलवायचं, व्हॅन बोलवायची, त्याचे हाल. म्हटलं, घरी बसून होतंय तर कशाला? डोळ्यांनी पाहिलं होतं ना मी."

तिने दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलला फोन केला. पुन्हा रांगेच्या शेवटी नाव लागलं. नजरेवर चालणारं यंत्र त्याच्यासाठी योग्य आहे हे मला, एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरला, त्याच्या खोलीत पहिल्या पाच मिनिटांत दिसायला हवं होतं. मी माझा आकडा पाहत बसलो होतो.

त्या रविवारी मी निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हे लेखन मी त्या गोष्टीसाठी करतो आहे. अशाच आजाराच्या माणसांना सांभाळणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे; कोणी न्यू जर्सीत, कोणी डॅलसमध्ये. मंडळाने आपल्या पानावर टाकलेला समईचा व्हिडिओ तिने त्यांना पाठवला होता. दोघींनी हेडसेट मागवलं. तिने त्यांना नंतर खरं कळवलं, तेव्हा एकीने उलट विचारलं, "पण व्हिडिओत तर लागतेय!" व्हिडिओ पुढे कुठे कुठे गेला, हे तिलाही सांगता येत नाही.

मी अध्यक्षांना तीन पत्रं लिहिली. तिन्ही रजिस्टर्ड पोस्टाने. पहिल्यानंतर ते रस्त्यात भेटले तेव्हा हसत होते. "काका, चार घरांवर राहतो मी. बेल वाजवली असती तरी चाललं असतं." मी म्हणालो, बेल वाजवल्याची पावती मिळत नाही. दुसऱ्या पत्रात मी त्या घरची हकिगत, तिची परवानगी घेऊन, लिहिली. त्यावर ते घरी आले, खरंच ओशाळले होते, आणि म्हणाले, "वाईट वाटलं काका. त्यांना काही मदत लागली तर आम्ही डबा लावू, गाडी देऊ. पण व्हिडिओखाली तसं लिहिलं तर पुढच्या वर्षी कोण येईल? डॉक्टरीणबाईंना काय वाटेल?"

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याच मनाने लागली. आता सगळ्यांना सांगा, मलाही बरं वाटेल."

हे मी तिसऱ्या पत्रात लिहिलं. त्यालाच तो अंगठा आला. अंगठा म्हणजे मान्य, की पोचलं, की पुरे झालं, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येत नाही. पत्नी म्हणते, "तुम्ही वकील झाला नाहीत तेच बरं, मला रोज समन्स आलं असतं." पण त्या आजारी माणसाच्या घरी दर बुधवारी डबा घेऊन तीच जाते, आणि परत आल्यावर मला पहिला प्रश्न तोच विचारते : "व्हिडिओ काढला का हो त्यांनी?"

काढलेला नाही. आज सकाळी मी पाहिला. खाली नवी टिप्पणी आहे. कोणीतरी विचारलं आहे, हे यंत्र आमच्या वडिलांना चालेल का. खाली मंडळाच्या नावाने उत्तर आहे : 'नक्की ट्राय करा!'

मी त्या टिप्पणीखाली माझ्या नावाने खरं काय ते लिहिलं आणि ते तासाभरात पुसलं गेलं. म्हणून ते इथे लिहितो. समई माझ्या यंत्राने लागली नाही. ती सांस्कृतिक सचिवांनी रिमोटचं बटण दाबून लावली. मला ते त्याच क्षणी कळलं होतं आणि मी गप्प राहिलो. माझ्याकडून द्यायचा कबुलीजबाब एवढाच, आणि तो मी सही करून देतो.

आता अध्यक्षांनी बोलावं. खासगीत नको, माझ्या दारात नको, अंगठ्याने नको. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत, माईकवर, आणि त्याच व्हिडिओखाली लेखी, त्यांनी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत : समई कोणी लावली? आणि ज्या मुलाने किंवा मुलीने काल आपल्या वडिलांसाठी विचारलं, त्याला 'नक्की ट्राय करा' असं कोणी, कशाच्या आधारावर सांगितलं? ते माणूस अजून उत्तर वाचत असेल. त्याने एखादी अपॉइंटमेंट रद्द करायच्या आत हे व्हावं.