चारही पर्याय एकाच आवाजात

“पुढे?”

माझं वाक्य संपायच्या आतच तो म्हणायचा. चहाचा कप हातात दिला तरी “पुढे?”, आईची तब्येत कशी आहे विचारलं तरी “बरी आहे. पुढे?” बोलताना सारखी घड्याळाकडे बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. याला घड्याळ दिसत नव्हतं. तो या एका शब्दाने समोरच्याला पळवायचा.

नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. केस विंचरता येईनात, वरच्या फळीवरचं पुस्तक काढता येईना. मी दिल्लीत एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे हे दुसरं जास्त अडचणीचं. मुनिरकाच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, फिजिओचं छोटं क्लिनिक होतं. तिथे तो पांढऱ्या कोटात आला, भिंतीला बोटं लावत, भराभर. माझा हात धरून म्हणाला, “मॅडम, कंधा आपका ही है ना? तो उधार का लेके क्यों बैठी हैं?”

त्याने हात वर उचलला आणि मी “आई गं!” ओरडले. तो थांबला.

“अच्छा, काकू आहात होय! आधी सांगायचं ना यार.”

वडील साताऱ्याकडचे, सैन्यात हवालदार. याचं सगळं लहानपण छावण्यांमधून गेलं आणि नजर शाळेत असतानाच हळूहळू गेली. तरी त्याने फिजिओथेरपीची पदवी घेतली होती. आता त्याला पुढची पदवी हवी होती, एमपीटी. तिच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. क्लिनिकच्या दारात कुणी “वो मालिशवाला लड़का है क्या?” म्हणून विचारलं, की आतून आवाज यायचा, “मालिश सलून में होती है, अंकल. यहाँ इलाज होता है. दर्द भी होगा.”

त्या वर्षी उन्हाळ्यानंतर वडील निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून सगळे गावी जाणार होते, आणि प्रवेश मिळाला नाही तर हाही. गावच्या घराची रस्त्याकडची खोली वडिलांनी रंगवूनही ठेवली होती. तिथे याला मालिशचं दुकान काढून द्यायचं ठरलं होतं.

“एक पलंग, एक पाटी आणि मी,” तो म्हणाला. “आप्पांना वाटतं, सोय झाली. मला शिकवायचंय, काकू. कॉलेजात उभं राहून. पोरांना ओरडायचंय.”

परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला आणि उत्तरं भरायला केंद्रातर्फे एक माणूस मिळायचा. एरवी याची पुस्तकं फोन वाचून दाखवायचा, पण प्रश्नसंचांच्या पुसट झेरॉक्सपुढे फोनही हात टेकायचा. शिवाय माणसाच्या तोंडून प्रश्न ऐकायची सवय करायला हवी, असं त्याचं म्हणणं.

“तुमचा आवाज बातम्यांसारखा आहे. रविवारी काय करता?”

रविवारी मी काहीच करत नव्हते. आदल्या वर्षी नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा मी त्याला रोज वाचून दाखवायचे. पेपर, कादंबरी, शेवटी शेवटी तपासण्यांचे रिपोर्ट. तो गेल्यावर घरात मोठ्याने काही बोलायचं कारणच उरलं नव्हतं. मी म्हटलं, “ये.”

तो यायचा, पण बसायचा नाही. आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये खिडकीपासून फ्रिजपर्यंत फेऱ्या घालायचा, आणि उत्तर आठवताना स्वतःचीच हाडं चाचपायचा. मानेचा प्रश्न आला की मान, घोट्याचा आला की एका पायावर उभं राहून घोटा. टीपॉयला धडकला की टीपॉयलाच दम द्यायचा, “अरे, दिखता नहीं क्या?”

मला ती लांबलचक लॅटिन नावं जमायची नाहीत. मानेतल्या एका स्नायूचं नाव मी तीनदा अडखळत, लांबवत वाचलं, तेव्हा तो म्हणाला, “काकू, स्नायू आहे तो. मंगलाष्टकं नाहीत.”

हसताना मला एकदम कसंसंच झालं. त्या घरात मी हसले होते.

उत्तरं मात्र तो पटापट द्यायचा. दहांतली आठ, कधी नऊ बरोबर. मी एक सोय केली होती. तो यायच्या आधी उत्तरतालिका बघून बरोबर पर्यायाशी पेन्सिलने टिंब करून ठेवायचे, म्हणजे बरोबर की चूक ते लगेच सांगता यायचं. तो खूश होता. माझ्यासमोरच त्याने वडिलांना फोन लावला. “आप्पा, यंदा पक्कं. बिल्कुल पक्कं.” पलीकडून ऐकू आलं, “मागल्या सालीबी पक्कंच हुतं.”

परीक्षा महिन्यावर आली होती त्या रविवारची गोष्ट. मी वाचलं, “मनगट लोंबतं, वर उचलता येत नाही. कोणत्या नसेला इजा?” आणि चार पर्याय वाचले.

“मीडियन,” तो म्हणाला.

“बरोबर.”

तो फ्रिजपाशी गेला, वळला, आणि मध्येच उभा राहिला.

“काय म्हणालात?”

“बरोबर. मीडियन.”

“कसं बरोबर? रेडियल आहे ते, काकू! हे पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल.” मग अगदी हळू, “मग मी मीडियन का म्हटलं?”

मी पानं उलटली. घाईत मी दुसऱ्याच संचाची उत्तरतालिका बघून टिंबं केली होती. त्या सकाळचे सगळे प्रश्न आम्ही परत तपासले. त्याची बहुतेक उत्तरं चुकली होती, आणि चुकलेलं प्रत्येक उत्तर माझ्या टिंबावर बसत होतं.

“उत्तर आधी बघता तुम्ही?”

“टिंब करून ठेवते. वेळ वाचावा म्हणून.”

“तीन पर्याय घाईने वाचता. आणि एकाशी आलात की तुमचा आवाज खाली बसतो.” त्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे इतके दिवस मी तुमचाच अभ्यास केला. परीक्षेत तुम्ही येणार आहात का?”

मी काही बोलायच्या आत तो पायांनी चपला चाचपत होता. जिन्यापर्यंत सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाला, “जिना मला येतो. तोच तेवढा येतो.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोनही उचलला नाही. एका संध्याकाळी मी तेच प्रश्न वाचून फोनवर रेकॉर्ड केले आणि ऐकले. त्याचं खरं होतं. बरोबर पर्यायाशी माझा आवाज असा टेकत होता, जसा जिना संपल्यावर पाय टेकतो.

आणि मग मला ते रिपोर्ट आठवले. नवऱ्याला वाचून दाखवताना मी काही ओळी गाळायचे, काही हलक्या करून सांगायचे. तो डोळे मिटून पडलेला असायचा. मध्येच म्हणायचा, “राहू दे, कळलं.” मला वाटायचं, दमला. त्याला खरंच कळत होतं. माझ्या आवाजातून त्याने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकल्याचं माझ्यापासून लपवलं होतं. मला घरात थांबवेना. चपला घालून मी कॉलनीला फेऱ्या मारत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली. दारातूनच बोलायला सुरुवात.

“टिंबं बंद. उत्तरतालिका शेवटी, सगळं झाल्यावर. आणि चारही पर्याय एकाच आवाजात. मेट्रोमध्ये ती बाई बोलते ना, ‘डोअर्स विल ओपन ऑन द लेफ्ट’, तसं. तिला काय फरक पडतो कुठे दरवाजे उघडले तर?”

“मला पडतो,” मी म्हटलं.

“तोच तर प्रॉब्लेम आहे. पुढे?”

पहिल्या दिवशी दहांतली चार आली. तो फेऱ्या घालायचाही थांबला. नुसता खिडकीचे गज धरून उभा राहिला. “चार तर चार. पण माझी आहेत.”

मग त्याने सुट्टी टाकली आणि तो रोज यायला लागला, मी ऑफिसातून आले की लगेच. मी मेट्रोतल्या बाईसारखं वाचायचा प्रयत्न करायचे. कुठे आवाज हलला, की तो टाळी वाजवायचा, “पकडलं!” चाराची पाच झाली, सहा झाली, परत चार. रागाने तो स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारायचा आणि वर त्या स्नायूचं नाव सांगायचा. मला रात्री झोप लागायची नाही. परीक्षा त्याची होती, आणि ऑफिसात पुस्तकं चुकीच्या फळीवर मी लावत होते.

परीक्षा देऊन बाहेर पडल्या पडल्या त्याने फोन केला. “काकू, वाचणारा एक नंबर होता. एकदम मुर्दा!”

पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. क्वार्टरमध्ये सामान बांधायला सुरुवात झाली. दुसरी यादी लागली त्या दुपारी फोन आला तो वडिलांचा. त्या गृहस्थांनी एकच शब्द उच्चारला, “झालं.” त्या शब्दावरून काय झालं ते मला कळेना. मग मागून त्याचं ओरडणं ऐकू आलं, “आप्पा, नीट सांगा की! सीट मिळाली म्हणा!”

कॉलेज दक्षिणेत होतं, दोन रात्रींच्या अंतरावर. निजामुद्दीन स्टेशनवर मी त्याला पोचवायला गेले. वडील त्याचा दंड धरून चालवू लागले, तसा त्याने हात सोडवून घेतला आणि उलट त्यांचं कोपर धरलं. “असं धरायचं, आप्पा. मी तुमच्या मागे. कितीदा सांगू?” डब्यात चढायच्या आधी त्याने माझा उजवा हात पार कानापर्यंत वर नेऊन पाहिला. “थोडा राहिलाय. रोज करा. आळस करू नका.” आणि कुणालातरी सीट नंबर विचारत तो आत गेला.

गाडी हलली. आम्ही दोघं हात हलवत होतो. एसी डब्याच्या काचा काळ्या. तो कुठल्या खिडकीशी आहे हे आम्हाला दिसत नव्हतं, आणि आम्ही त्याला कुठल्याच खिडकीतून दिसणार नव्हतो.

“त्याला कुठं दिसतंय,” वडील म्हणाले, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. मीही घेतला नाही. एकामागून एक काच सरकत होती, आणि प्रत्येक काचेत आम्ही दोघं हात हलवताना दिसत होतो.