निरोपाआधीची चाचणी

पांढरकवड्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा अन्सार कित्येक वर्षं व्हिडिओ गेमच्या लेव्हल कशा रचाव्यात यावर ब्लॉग लिहीत होता. त्याने स्वतः रचलेली नवी लेव्हल, म्हणजे खेळातला टप्पा, आधी बायको नसरीन खेळायची. ती अडली तरी मागे बसून गप्प राहायचं, म्हणजे लेव्हल कुठे चुकली ते कळतं, हा त्याचा नियम.

आता ब्लॉग वाचणारे उरले नव्हते, म्हणून तो बंद करायचं त्याने ठरवलं होतं. आज त्याने निरोपाचा मजकूर तिच्यापुढे ठेवला. वाचता वाचता ती थांबली. मागे बसलेला अन्सार पुढे झुकला.

"काहून थांबली?"

"गप बसा. नियम तुमचाच हाय ना?" ती पुन्हा वरून वाचू लागली. मग म्हणाली, "समद्यायचे आभार मानले. पण उद्यापासून तुमी काय करान, हे कुठंच नाही."

अन्सारने मजकूर पुन्हा वरून वाचला. मजकूर टाकायचं बटण समोर होतं, बोट पुढे जाईना.