टोपलीतला कोळसा

परवा सभेची पत्रकं वाटताना बोटांना ओल्या शाईचा वास लागला आणि धुळ्याजवळच्या आमच्या घराचं परसू आठवलं.

आईला कोंबड्या पाळायच्या होत्या. शेजारच्या अक्कांनी निम्मी पिल्लं द्यायच्या बोलीवर आपली खुडूक कोंबडी दिली. आईनं टोपलीत भुसा पसरून तिला अंड्यांवर बसवलं आणि विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून त्यांत कोळसा ठेवला.

माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापायचे. त्यांनी चारचौघांसमोर कोंबडी उचलून कोळसा बाहेर फेकला आणि भाषण केलं. बिथरलेली कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसलीच नाही.

"बठ्ठा अंडा वाया गयात का व?" त्या दिवशी गावाला गेलेल्या अक्कांनी परतल्यावर आईला विचारलं.

"मनीच चूक शे, अक्का. मीच उठाडी तिले."

भाऊ उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होते. कोळशानं अंडी वाचत नाहीत, हे मी आजही ठासून सांगतो. पण सांगताना आईचा तो खाली गेलेला आवाज ऐकू येतो आणि मान वर होत नाही.

अक्का कोंबडी काखेत घेऊन निघाल्या. त्यांना वाट द्यायला भाऊंनी पाय आवरून घेतले, तेवढंच.