नऊची घंटा

दिवाळीचे दिवे विझले की माझ्या मनात एक भीती येऊन बसायची, आणि ती भीती चर्चच्या पाळकाने कोणापुढे बोलून दाखवावी अशी नव्हती. आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या पलीकडे. आमच्या मंडळीतली बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी सरली की ट्रक येऊन उभे राहतात, भांडी, कोंबड्या, पीठमीठ, लहान लेकरं, सगळं वर चढतं आणि उन्हाळा लागेपर्यंत ही माणसं कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडात राहतात. ट्रक हलायच्या आधी मी प्रत्येक ट्रकपाशी जाऊन प्रार्थना करायचो. आवाज खणखणीत ठेवायचो. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला की घरी येऊन पाण्याचा तांब्या जवळ घेऊन नुसता ओट्यावर बसायचो. बायको म्हणायची, "लेक सासरी धाडल्यासारखं काय बसलात, येतील की." येतील हे मलाही माहीत होतं. पण तोवरचे रविवार कसे काढायचे, ते तिलाही सांगता येत नसे.

उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या दारात चपलांचा ढीग पडतो. उपासना संपल्यावर कोणाची चप्पल कोणाच्या पायात गेली यावरून बायांची भांडणं होतात, आणि मी ती मिटवताना वरवर रागावतो. हिवाळ्यात त्याच दारात चपला भिंतीकडेला एका ओळीत मावायच्या. म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण, पाय मोडून घरी राहिलेला एखादा गडी, एवढीच मंडळी. नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे जाणाऱ्या बायबलमधल्या मेंढपाळावर मी प्रवचनात किती वेळा बोललो असेन. माझं उलटं झालं होतं. नव्व्याण्णव गेली होती आणि त्यांच्यामागे कुठे जायचं हे मला कळत नव्हतं. सतरंजीच्या ज्या कोपऱ्यात तरण्या सुना दाटीने बसायच्या, त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून बोलताना माझा आवाज आपोआप उतरायचा.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शहरात पाळकांसाठी एक शिबिर झालं होतं, मंडळीतून पुढारी कसे घडवावेत यावर. तिथून मी कागदांच्या मोठ्या गुंडाळ्या आणि भरपूर उत्साह घेऊन परतलो. मंडळीचे गट पाडले, गटाला पुढारी नेमला, प्रत्येक पुढाऱ्याने पाळीपाळीने उपासना चालवायची असं ठरलं. पहिल्या पुढाऱ्याचं त्याच रविवारी पोट दुखलं. दुसऱ्याची शेळी व्यायला झाली. तिसरा उभा राहिला, घसा खाकरला आणि "आता पास्टर बोलतील" म्हणून खाली बसला. आणि शेवंता. ती आमच्या सगुणामावशीची सून. वाचता येणारी, समजूतदार, माझ्या सगळ्या आशा तिच्यावर. तिला मी किमान मोठ्याने प्रार्थना तरी कर म्हणून उभं केलं. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "तुमीच करा पास्टर. तुमचं देव लवकर ऐकतो." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर माझं मन फार खट्टू झालं. आपण एवढी वर्षं इथे आहोत आणि आपल्यामागून बोलणारा एकही माणूस उभा राहिला नाही, हे मला लागलं होतं. कागदाच्या गुंडाळ्या बायकोने फडताळात अंथरल्या.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका हिवाळ्यात, आमच्या वरिष्ठ पाळकांनी मला बीडला बोलावलं. शहरातल्या एका मंडळीला पाळक हवा होता. बारा महिने भरलेलं चर्च, तरुण पोरं, गाणारी मंडळी. ते मायेने म्हणाले, "तुम्ही पुष्कळ केलंत. आता रविवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा." परतताना मोटारसायकलवर मी सगळ्या वाटेने एकच मागणं मागत होतो की प्रभू, मला इथे ठेवायचं असेल तर एक तरी माणूस उभा राहिलेला दाखव. खरं सांगायचं तर मागता मागता मी त्या शहरातल्या चर्चचा आवाजही मनात ऐकत होतो. माणसांच्या आवाजाची मला तहान लागली होती.

आमच्या घंटेबद्दल इथे सांगायला हवं. घंटा म्हणायची एवढंच. अंगणातल्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा तारेने टांगलाय, त्यावर हातोडा मारायचा. बीडला रेल्वे येणार, येणार म्हणत पिढ्या सरल्या, आमच्या चर्चला मात्र रूळ आधीच आला, असं जुनी माणसं गमतीने म्हणतात. रविवारी सकाळी नऊला मी तो वाजवतो. हिवाळ्यात सगुणामावशी त्या वेळी लिंबाखालीच उभी असायची, आमच्याकडे पाठ करून, पदराआड काहीतरी धरून. घंटा थांबली तरी आत यायची नाही. पहिलं गाणं अर्धं झालं की मग यायची. पदराआड फोन असतो हे मी पाहिलं होतं आणि "देवाच्या घरी येताना तरी फोन बाजूला ठेवावा" असं एकदा तिच्याकडे बघत बोललोही होतो. तिने मान डोलावली होती. पुढच्या रविवारी ती पुन्हा लिंबाखालीच होती.

त्या रविवारी थंडी फार होती. जे येणार होते ते लवकरच येऊन सतरंजीवर घोंगडी पांघरून बसले होते. मावशी तेवढी नेहमीसारखी लिंबाखाली पाठ करून उभी होती. मी हातोडा उचलला आणि परत ठेवला. वाजवायची कोणासाठी? येणारे सगळे आलेत, बाकीचे तीन जिल्हे ओलांडून पलीकडे. संध्याकाळी काय उत्तर द्यायचं ते त्या क्षणी माझ्या मनात जवळजवळ ठरलंच. मी आत आलो, दार पुढे केलं आणि डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. थोड्या वेळाने माझी बाही कोणीतरी ओढली. मी डोळे मिटूनच राहिलो. पुन्हा ओढली.

"पास्टर, डोळे उघडा," सगुणामावशी म्हणाली. तिच्या हातात तिचा बटणांचा फोन होता. "मुकादम हाय. तुमालाच मागायलाय."

मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा ठेकेदार. माझी त्याची ओळख नव्हती.  फडातून अवेळी फोन आला की वाईटच मनात येतं. मी फोन कानाला लावला.

"पास्टर हायत का? मुकादम बोलतो. आज घंटा कावून वाजली न्हाई?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कसली घंटा?"

"तुमचीच की. हितं बाया भाकरी खाऊन बसून हायत बांधावर. घंटा झाल्याबिगर प्रार्थना न्हाई, आन प्रार्थना झाल्याबिगर कोयता धरायचा न्हाई म्हनायल्या. माझा ट्रक उभा हाय. मला तुमच्या धरमातलं काय कळत न्हाई, पर मी बी शनवारी मारुतीला नारळ फोडल्याबिगर कामाला हात लावत न्हाई. तवा मला बी त्यांना उठा म्हनवंना. वाजवा की तेवढी."

मी फोन मावशीच्या हातात दिला, बाहेर गेलो आणि हातोडा उचलला. मावशी माझ्या मागोमाग आली आणि दोन्ही हातांनी फोन रुळाजवळ उंच धरून उभी राहिली, लेकराला जत्रेतलं काही दाखवायला वर धरावं तशी. मी मारत राहिलो. किती वेळ मारलं मला आठवत नाही. शेवटी बायकोने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बास, अहो," ती म्हणाली. मावशीने फोन कानाला लावला, ऐकलं आणि बोळकं पसरून हसली. "लागल्या प्रार्थनेला."

उपासना झाल्यावर मी तिच्याजवळ बसलो आणि तिने सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी फडातल्या खोपटात शेवंताचं लेकरू तापाने फणफणलं होतं. जवळ कोणी मोठं माणूस नाही, नवरा गाडी भरायला गेलेला. तिने रडत सासूला फोन लावला. मावशी तेव्हा चर्चच्या वाटेवर होती. ती बोलत असतानाच इकडे घंटा वाजली आणि शेवंता रडायची थांबली. म्हणाली, "आत्या, फोन ठिवू नका. ऐकू द्या." घंटा ऐकत तिने लेकराच्या अंगावर हात ठेवून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. लेकरू दोन दिवसांनी खेळायला लागलं. पुढच्या रविवारी तिच्यासोबत दुसऱ्या खोपटातल्या बाया येऊन बसल्या, नंतर गडीही. तेव्हापासून दर रविवारी न्याहारीच्या वेळेला फोन लागतो, घंटा होते आणि शेवंता प्रार्थना चालवते.

"आणि माझं प्रवचन?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलंच.

"ते न्हाई," मावशी सरळ म्हणाली. "घंटा झाली की म्या फोन बंद करते. तुमचं लई लांबतंय, त्यास्नी कुठं येळ."

माझी बायको पदरात तोंड लपवून हसत होती. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही; बीडच्या बोलावण्याचंही मावशीला सांगून टाकलं. त्या संध्याकाळी मी वरिष्ठांना फोन करून एवढंच म्हणालो की मला आणखी एक आठवडा द्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

पुढच्या रविवारी नऊला घंटा वाजवून मी मावशीला म्हणालो, "आज फोन बंद करू नका. आम्हालाही ऐकू द्या." तिने फोन मी प्रवचन देतो त्या पुलपिटवर, बायबलशेजारी ठेवला आणि आवाज मोठा केला. आम्ही मूठभर माणसं त्याच्याभोवती सरकून बसलो. आधी वाऱ्याचा आणि उसाच्या वाळल्या पाचटाचा आवाज आला, मग एक लेकरू खोकलं, मग शेवंताचा आवाज. हाच आवाज आमच्या सतरंजीवर कधी पदराबाहेर आला नव्हता. घाई नव्हती त्यात. ती एकेकाचं नाव घेऊन मागत होती. कोणाच्या हाताला कोयता लागला होता, कोणाची पोर गावी आजीपाशी राहिली होती, मुकादमाच्या मुलीची दहावी होती. तिने उसाच्या मालकालाही सोडलं नाही. आणि शेवटी ती म्हणाली,

"देवा, आमच्या पास्टरला तितं लई एकटं वाटत आसंल. ते जायचं म्हनायलेत आसं आत्या सांगत हुत्या. त्यानला नेऊ नको. आमाला बी लई आठवन येती त्यांची. पर तुला न्यायचंच आसंल तर तुजी मर्जी, आमी आडवं येत न्हाई. फकस्त घंटा वाजवायला कुनीतरी ठिव."

पलीकडून सगळ्यांचं "आमेन" आलं आणि फोन तुटला.  इतकी वर्षं मी रोज त्यांची नावं घेऊन प्रार्थना केली होती, आणि कोणीतरी माझंही नाव घेत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी ज्यांच्यासाठी झुरत होतो ती माणसं पलीकडे माझ्यासाठी झुरत होती. मी आवळलेल्या मुठीने त्यांना धरून ठेवत होतो, आणि तिने मात्र मला देवाच्या हातात सोडून दिलं होतं. त्या दुपारी मी बीडला कळवलं की मी इथेच राहीन. त्यांनी विचारलं, "मंडळी वाढली का?" मी म्हणालो, "वाढली होती, मला उशिरा कळलं."

उन्हाळ्यात सगळे परतले. चपलांचा ढीग पडला, भांडणं झाली. शेवंता पुन्हा मागच्या कोपऱ्यात पदर घेऊन बसली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं की फडात एवढी सुरेख प्रार्थना करतेस, इथे का गप्प? ती खाली बघत म्हणाली, "हितं तुमी हायत की. तितं कुनीच न्हाई, म्हनून करावी लागती." ती टोचून बोलली नव्हती, तरी ते वाक्य मी अजून घेऊन फिरतोय. तेव्हापासून काही रविवारी मी पुलपिटवर जात नाही. सतरंजीवर म्हाताऱ्यांत जाऊन बसतो आणि गप्प राहतो. पहिल्या वेळी ती शांतता मला सोसेना, दोनदा उठायला झालं, बायकोने सदरा धरून बसवलं. मग मागच्या कोपऱ्यातून हळू आवाज आला, आणि तो शेवंताचा नव्हता. पोटदुखीवाल्या पुढाऱ्याचा होता.

चमत्कार कोणता झाला असं कोणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. एका मुकादमाचा ट्रक खोळंबला, एवढंच घडलं. पण मी ज्या उत्तरासाठी देवाकडे रडत होतो ते त्याने मी मागायच्या कितीतरी आधी तयार करून, मला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवलं होतं. माझ्याकडून त्याला फार थोडं हवं होतं. ते मी एका थंडीच्या सकाळी जवळजवळ टाकून दिलं होतं, आणि त्याने एका अनोळखी माणसाकरवी ते परत मागून घेतलं. त्या माणसाचे मी उपकार विसरणार नाही. त्याची पोर दहावी पास झाल्याचा पेढा आम्हाला मावशीच्या हातून मिळाला.

यंदाही दिवाळीनंतर ट्रक आले आणि गेले. ओट्यावर तांब्या घेऊन मी अजूनही बसतो, आणि ती ओढ कमी व्हावी असं आता मागत नाही. रविवारी सकाळी लिंबाखाली जाऊन हातोडा उचलतो आणि आधी सगुणामावशीकडे बघतो. ती फोन कानाला लावून ऐकते, पलीकडे सगळे बसले का ते विचारते. तिने फोन वर धरून मान हलवली, की मग मी मारतो.