कॉलनीच्या ग्रुपवरची शेजारीण

आमच्या कॉलनीच्या ई-मेल ग्रुपवर ‘शेजारीण’ या नावाने जी बाई लिहायची, ती मी होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि त्याच्याही आतली गोष्ट अशी, की शेजारणीने जे काही लिहिलं त्यातलं धड एक वाक्य माझं नव्हतं. सगळी माझ्या बायकोची होती. तिला न विचारता घेतलेली.

दोन हजारनंतरची ती वर्षं. नाशिकरोडला, जेलरोडच्या अंगाला आमची कॉलनी. कारकून, शिक्षक, कारखान्यातली माणसं. इथली मुलं शिकून पुण्याला, बंगळुरूला, एखाद-दुसरा अमेरिकेला गेला, आणि त्यांनीच हा ग्रुप काढला. सुरुवातीला त्यावर वाढदिवस, पाण्याची टाकी आणि शिळे विनोद एवढंच असायचं. मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत क्लार्क. येताना बसमधून उतरलो की सायबर कॅफेत जरा वेळ बसायचो. प्लायवूडचे कप्पे, मान वर केली की शेजारच्याची टाळू दिसायची. मी वाचायचो, लिहायचो नाही. चारचौघांत तोंड उघडणं मला कधी जमलं नाही. मंडळाच्या मीटिंगला सतरंजी अंथरायला मी पहिला असायचो, आणि ती गुंडाळेपर्यंत माझा आवाज कुणी ऐकलेला नसायचा.

एका वर्षी गणपतीच्या आधी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी आरतीचे मानकरी ग्रुपवर टाकले. आमच्याकडे रिवाजच होता तसा: रोज संध्याकाळची आरती एका जोडप्याच्या हातून. नवरा-बायकोने शेजारी शेजारी उभं राहायचं, दोघांचा हात ताटाला. पाळी घरोघर फिरायची. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार चुकवून पुढे जायची, आणि तळमजल्यावरच्या काकूंचं. काकूंचे यजमान लवकर गेले होते. बाईंनी लग्नच केलं नव्हतं. कॉलनीतल्या निम्म्या पोरांना गणित आलं ते बाईंमुळे. वर्गणी त्या सगळ्यांच्या आधी द्यायच्या आणि आरतीला मागे भिंतीशी उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. “एकदा ताट हातात धरायचंय गं,” असं त्या माझ्या बायकोला बोलून गेल्या होत्या. माझ्या बायकोच्या ते डोक्यातून जात नव्हतं.

मी जेवताना मानकऱ्यांची नावं सांगितली. ती भाकरी थापत होती.

“बाई नाहीत यात?”

“त्या एकट्या आहेत ना.”

“मग?”

“जोडपं लागतं.”

“कुणाला लागतं? गणपतीला?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “अहो, त्याला पार्वतीने एकटीने घडवला. नवरा घरातसुद्धा नव्हता. आणि घरी आल्यावर त्या नवऱ्याने काय केलं, ते ठाऊक आहे ना? म्हणे याच्या आरतीला नवऱ्याशिवाय चालत नाही.”

मला ठसका लागला. पाणी प्यायलो, पण हसू थांबेना.

दुसऱ्या दिवशी कॅफेत बसून मी नवीन ई-मेल पत्ता काढला, नाव दिलं ‘शेजारीण’, आणि पार्वतीचं सगळं रोमन अक्षरांत टाइप करून ग्रुपवर सोडून दिलं. बाईच्या नावाने का? माझ्या नावाने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, याला बायकोने शिकवून पाठवलंय. ते खरं होतं, म्हणूनच सोसलं नसतं.

मग जी धमाल उडाली, ती आठवून मी आजही एकटा हसतो. अध्यक्षकाकांनी सगळी अक्षरं मोठी करून लिहिलं, परंपरेला हात लावू नये. मी ते घरी नेलं, सहज बोलल्यासारखं: “लोक म्हणतात, परंपरा आहे.”

“कसली परंपरा? कॉलनी काल-परवाची. माझा कुकर हिच्याहून जुना आहे.”

कुकर ग्रुपवर गेला. काकांनी विचारलं, उद्या कुणीही उठून आरती करू लागलं तर? मी विचारलं, ती म्हणाली, “करू दे की. देव काय दारात चिठ्ठी बघून आत घेतो?” तेही गेलं. एकदा ती कशावरून तरी आधीच चिडलेली होती. “तुमच्या त्या काकांना म्हणावं, आधी आरतीला बनियनवर यायचं सोडा, मग लय परंपरा सांगा.” ती येवल्याची, चिडली की तिकडचं बोलणं बाहेर येतं. मी ‘लय’ काढला, ‘कृपया’ घातलं आणि पाठवून दिलं. त्या संध्याकाळी काका कॉलनीत पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून फिरताना दिसले.

ग्रुपची मला खरी गंमत वाटायची ती वेगळीच. गच्चीवरच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. इथे सगळ्यांचा आवाज एकाच मापाचा. कुणी तडकून लिहिलं तर दुसरा म्हणायचा, चहा पिऊन ये, मग लिही. आणि तो खरंच दुसऱ्या दिवशी निवळून यायचा. काकांच्या मुलाने अमेरिकेतून लिहिलं, “बाबा, मी याचा कधी विचारच केला नव्हता. माझं मत बदललं. मला आठवीत पास कुणी केलं, आठवा.” ‘माझं मत बदललं’ हे शब्द मी कॉलनीत आधी कधीच ऐकले नव्हते. मी कॅफेतून घरी अक्षरशः पळत यायचो. भाजी आणायची राहून जायची.

पहिल्या मजल्यावरची सून ऑफिसातून हे सगळं छापून आणायची, आणि बायका जिन्यात शेंगा सोलता सोलता मोठ्याने वाचायच्या. शेजारीण कोण, यावर पैजा लागत. प्रत्येकीला वाटे, दुसरीच असणार, आणि प्रत्येकीला आपल्यावर संशय घेतलेला आवडे. एक दिवस माझी बायको तो कागद घेऊनच वर आली.

“वाचा हे. कोण आहे हो ही? अगदी माझ्या मनातलं बोलते. पण माझ्यापेक्षा नीट बोलते.”

मी गवारीची भाजी खात राहिलो.

“मला एकदा दाखवा ना ते कॅफे. मीही लिहीन चार ओळी.”

“तिथे सगळी पोरं असतात,” मी म्हणालो. “बायका जात नाहीत.”

खोटं होतं. माझ्या शेजारच्या कप्प्यात रोज कॉलेजच्या मुली बसायच्या. आणि त्याच दुपारी मी शेजारीण होऊन लिहून आलो होतो की बायकांना मागे उभं करणं बंद करा.

गणपतीच्या आधीच्या रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. पहिल्यांदाच बायका आल्या, घरून खुर्च्या घेऊन. बाई कठड्याशी बसल्या. काकांनी सुरुवातच केली: “ही शेजारीण कोण, तिने समोर यावं. बिननावाच्या बाईच्या बोलण्यावर मंडळ चालत नाही. ती आली नाही तर विषय इथेच संपला.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो.

माझी बायको उभी राहिली. “ती कोण याच्याशी काय करायचंय, काका? तिचं म्हणणं खोडून दाखवा. नाही तर मी बोलते.” आणि ती बोलली. पार्वती, कुकर, दारातली चिठ्ठी, सगळं. स्वयंपाकघरात बोलायची तसंच, हात हलवत.

मंडळाचा खजिनदार हसून म्हणाला, “वहिनी, हे तर शेजारणीचं आहे. छान पाठ केलंत.”

सगळी गच्ची हसली. तीही हसली. मग पदर सारखा करत म्हणाली, “असेल. वाचूनच आलं असेल डोक्यात.”

माझ्या बायकोला त्या संध्याकाळी स्वतःचीच वाक्यं उसनी वाटली, आणि ती कुणाची होती हे ठाऊक असलेला एकुलता एक माणूस हाताच्या अंतरावर गप्प बसला होता.

पण हसण्याने काका सैल झाले, हेही खरं. त्यांनी विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं?”

“मला ताट धरायचं आहे,” बाई म्हणाल्या. “जड असलं तरी चालेल.”

काकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “घरचं पोरगं रोज तिकडून धडे देतंय,” ते म्हणाले. “पहिली आरती बाईंची.”

ती आरती काय सांगू! बाई जांभळं, लुगड्यासारखं जड पातळ नेसून आल्या. ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. थोड्याच वेळात अशा रंगात आल्या की संपलेली आरती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. आम्हीही धरली. काकांनी मोबाइल उंच केला होता, तिकडून त्यांचा मुलगा गात होता, आमच्यापेक्षा एक ओळ मागे. माझी बायको झांजा वाजवत होती, रडत होती आणि हसत होती. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. तेव्हापासून पाळी घराची, घरात जे कुणी असेल त्याची. पुढे स्वतःची बायको गेल्यावर अध्यक्षकाकांनीही एकट्याने ताट धरलं. शेजारच्या कॉलनीने ग्रुपवर विचारून घेतलं की तुम्ही हे जमवलं कसं.

शेजारणीने त्यानंतर लिहिलं नाही. आता सगळं मोबाइलवर आहे आणि माझी बायको कॉलनीच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिते, खणखणीत. परवाच कुणीतरी लिहिलं, “वहिनी अगदी त्या जुन्या शेजारणीसारखं लिहितात.” तिने मला ते कौतुकाने दाखवलं. विचारलंही, “कुठे असेल हो ती आता?”

मी म्हणालो, “काय माहीत.”

त्या गच्चीवर तिने काहीही पाठ केलेलं नव्हतं. हे मला तिला समोर बसवून सांगायचं आहे, आणि मग ज्यांच्यासमोर तिचं हसं झालं, त्या सगळ्यांना. दोन्ही अजून बाकी आहे.